वाईट बातमी आधी कुणी सांगायची? हीथ्रो टर्मिनल ५ चं प्रकरण

२१ ऑक्टोबर १९९४ च्या पहाटे लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या मधोमध जमीन खचली. खाली हीथ्रो एक्स्प्रेस या रेल्वेमार्गासाठी बोगदे खोदायचं काम चालू होतं. बोगदे बसले, वर खड्डा पडला, काठावरची कार्यालयाची इमारत कलली. आतली माणसं वेळेत बाहेर आली होती म्हणून जीव कुणाचा गेला नाही.

हीथ्रोवर पुढे बांधलेल्या टर्मिनल ५ या प्रवासी इमारतीची गोष्ट सांगायची तर सुरुवात या खड्ड्यापासूनच करावी लागते. बहुतेक ठिकाणी ती चकचकीत छतापासून किंवा उद्घाटनाच्या दिवशीच्या गोंधळापासून सुरू होते आणि मधला दुवा निसटतो.

बोगदे ज्या पद्धतीने खोदले जात होते तिला न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड म्हणतात. थोडं खोदायचं, उघड्या पडलेल्या मातीवर लगेच काँक्रीट फवारायचं, ते आवरण आणि भोवतीची जमीन किती हलतेय हे सतत मोजायचं, आणि आकडे बघून पुढचं पाऊल ठरवायचं. म्हणजे मोजणाऱ्याने सांगणं आणि ठरवणाऱ्याने ऐकणं हे या पद्धतीत काँक्रीटइतकंच महत्त्वाचं. हीथ्रोला आकडे होते. काहीतरी बिनसलंय हे त्यांतून आधीपासून दिसत होतं. आवरणाचा तळाचा भाग काही ठिकाणी धड झालेला नव्हता, त्याची डागडुजीही पुरेशी झाली नव्हती, आणि कामाचा दर्जा तपासायची जबाबदारी मुख्यतः काम करणाऱ्या कंत्राटदाराकडेच होती. आकडे कागदावर राहिले, काम पुढे सरकत राहिलं. पुढे १९९९ मध्ये कोर्टाने मुख्य कंत्राटदाराला १२ लाख पौंड आणि ऑस्ट्रियन सल्लागार कंपनीला ५ लाख पौंड दंड केला.

तो झाला सरकारी खटला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते मालकाने काय केलं हे. मालक म्हणजे बीएए, तेव्हा हीथ्रो चालवणारी कंपनी. अशा वेळी पुढचा रस्ता कुणालाही ठाऊक असतो: वकील नेमायचे, कंत्राट संपवायचं, दावा लावायचा. दुसरी बाजूही मग फाइली काढून बसते. साइटवर माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात आणि पत्रापत्री सुरू होते. बीएएने दाव्याचा प्रश्न बाजूला ठेवला. कंत्राटदाराची माणसं, स्वतःची माणसं आणि सल्लागार यांना एकाच टीममध्ये बसवलं आणि खड्ड्यातून वर यायचं काम सगळ्यांचं मिळून एक केलं. जून १९९८ मध्ये गाडी सुरू झाली. झालेला उशीर या मार्गाने बराच भरून काढता आला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कंपनीतल्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं.

तोवर टर्मिनल ५ बांधायला परवानगी द्यायची की नाही याची सार्वजनिक चौकशी सुरू होती. १९९५ ते १९९९, पाचशेहून अधिक दिवस सुनावणी. ब्रिटनच्या नियोजन इतिहासातली ही सर्वांत लांबलेली चौकशी मानली जाते. परवानगी आली ती नोव्हेंबर २००१ मध्ये. इतका उशीर झाला म्हणून सगळ्यांनी कपाळाला हात लावला, पण त्या काळात बीएएला विचार करायला वेळ मिळाला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सर जॉन ईगन हे जॅग्वार या मोटार कंपनीतून आलेले. बांधकामाच्या धंद्याकडे ते बाहेरच्याच्या नजरेने बघायचे. मोटारीचा प्रत्येक सुटा भाग पुरवठादाराबरोबर बसून घडवता येतो, तर इमारतीचा का नाही, असा त्यांचा सूर. १९९८ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने ब्रिटिश बांधकाम उद्योगावर सरकारला कडक अहवाल दिला होता. त्याच्या चार वर्षं आधी सर मायकेल लॅथम यांचा अहवालही जवळपास याच दुखण्यावर बोट ठेवून गेला होता: सगळे एकमेकांवर दावे ठोकण्यात गुंतलेले.

बीएएने मग एक साधा पण धारिष्ट्याचा हिशेब मांडला. देशातली मोठी बांधकामं आणि इतर विमानतळांची कामं पाहिली आणि स्वतःला विचारलं, आपण नेहमीच्याच पद्धतीने गेलो तर काय होईल? उत्तर आलं: खर्च एक अब्ज पौंडांहून अधिक वाढेल, दोन वर्षं उशीर होईल आणि सहा माणसं मरतील. टर्मिनलचा एकूण खर्च पुढे ४.३ अब्ज पौंड झाला, यावरून त्या एक अब्जाचं वजन कळेल. कंपनीच्या आकाराच्या मानाने हे काम इतकं मोठं होतं की ते फसलं तर कंपनीच अडचणीत येणार. तेव्हा 'जोखीम कंत्राटदाराच्या गळ्यात मारली' याला काही अर्थ राहत नाही. कंत्राटदार बुडाला तरी अर्धवट टर्मिनल मालकाच्याच दारात उभं राहणार.

इथून 'टी५ अ‍ॅग्रीमेंट' नावाचा करार जन्माला आला. त्याचा गाभा एका वाक्याचा आहे: जोखीम सगळी मालकाची.

कंत्राटदाराला झालेला खर्च दिला जाणार, मालकाला त्याचे हिशेब उघडे असणार. नफा आधीच ठरवून बाजूला ठेवलेला. काम बिघडलं म्हणून तो जात नाही. ठरलेल्या खर्चापेक्षा कमीत काम झालं तर वाचलेला पैसा एका सामाईक निधीत जमा होऊन वाटला जाणार. तो वाटा मिळतो टीमला, त्यामुळे शेजारच्याचं काम अडलं तर तुमचंही नुकसान. आणि संपूर्ण प्रकल्पासाठी मालकाने काढलेला एकच विमा.

या शेवटच्या कलमाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मला विचाराल तर सगळ्यात खोल मुळं त्याचीच आहेत. नेहमीच्या साइटवर आर्किटेक्टचा विमा वेगळा, स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा वेगळा, कंत्राटदाराचा वेगळा. कन्सल्टंटच्या लक्षात येतं की आपल्या ड्रॉइंगमध्ये बीमची लेव्हल चुकली आहे. बैठकीत 'हो, चूक माझी' म्हटलं तर उद्या दावा त्याच्यावर येईल, आणि चूक परस्पर कबूल करू नका हे विमा कंपनीने त्याला आधीच बजावलेलं असतं. मग तो मिठाची गुळणी धरून बसतो. बैठकीच्या टिपणात ओळ येते, 'सदर बाब तपासून कळवण्यात येईल.' ही ओळ ज्याने ज्याने लिहिली आहे त्याला तिचा खरा अर्थ माहीत आहे.

दुसऱ्या बाजूला कंत्राटदार. ड्रॉइंगमधली चूक बहुतेक वेळा त्यालाच आधी दिसते, कारण सळई त्याच्या माणसाच्या हातात असते. पण निविदेत दर कमी भरून काम घेतलेलं असेल तर ती चूक म्हणजे त्याचा एक्स्ट्रा आयटम, म्हणजे वेगळे पैसे मागता येतील असं जादा काम. ती आज सांगितली तर रबराने खोडता येते, स्लॅब पडल्यावर सांगितली तर बिल होतं. मालक म्हणतो, 'अहो, तुम्ही सांगायचं नाही का आधी?' सांगायचं कशासाठी? सांगणाऱ्याला काय मिळणार होतं? साइटवर संवाद नाही अशी तक्रार ऐकली की मला आधी करार बघावासा वाटतो. बैठका किती झाल्या हे नंतर.

टर्मिनल ५ च्या करारात वाईट बातमी सांगणाऱ्याच्या खिशाला कात्री लागत नव्हती. ती दाबून ठेवणाऱ्याला मात्र सामाईक निधीतला वाटा गमवावा लागला असता. म्हणून लोक बोलू लागले. अर्थात करारावर सही झाली त्या दिवशी कुणाचा स्वभाव बदलला नाही. वर्षानुवर्षं 'आधी कागद करून ठेवा' या शिकवणीत वाढलेले इंजिनिअर आणि क्वांटिटी सर्व्हेअर (कामाची मोजमापं आणि खर्च बघणारे) एकदम मोकळे होत नसतात. डिझायनर, फॅब्रिकेटर (पोलादी भाग तयार करणारे), कंत्राटदार आणि मालकाची माणसं एकाच जागी बसवली, कुठल्या कंपनीतून आलात यापेक्षा कुठल्या टीममध्ये आहात हे पुढे ठेवलं, ड्रॉइंगांसाठी एक सामाईक संगणकीय मॉडेल वापरायचं ठरवलं. हे सगळं लागलंच. पण हे उपाय इतर ठिकाणीही करून पाहिले जातात आणि फसतात. एका टेबलाभोवती बसलेल्यांची हितं वेगवेगळ्या दिशांना ओढत असतील, तर टेबल मोठं करून काय होणार?

छताचं उदाहरण घेऊ. मुख्य इमारत सुमारे ३९६ मीटर लांब आणि १७६ मीटर रुंद. वर एकाच गाळ्याचं वक्र छत, मध्ये एकही खांब नाही, गाळा म्हणजे दोन बाजूंच्या आधारांमधलं अंतर दीडशे मीटरहून मोठं. आर्किटेक्ट रिचर्ड रॉजर्स पार्टनरशिप, स्ट्रक्चरल डिझाइन अरूपचं. जागा दोन चालू धावपट्ट्यांच्या मधली. क्रेन उंच केली तर विमानतळाच्या रडारला अडथळा, म्हणून नेहमीसारखं वरच्या वर जोडत जाणं शक्य नव्हतं. छताचे भाग खाली जोडायचे आणि जॅक लावून वर उचलायचे असं ठरलं. असं काम कागदावर सुटतं आणि साइटवर रुसतं.

टीमने ठरवलं की हे आधी दुसरीकडे करून पाहू. यॉर्कशायरमध्ये, जिथे पोलादी भाग तयार होत होते तिथे, छताच्या एका भागाची पूर्वजुळणी केली. डिझायनर, फॅब्रिकेटर आणि उभारणी करणारे तिथे एकत्र होते. कुठे बोल्टला हात पोहोचत नाही, कुठला क्रम उलटा घ्यायला हवा, कुठे मापात फरक येतो, हे हीथ्रोपासून शेकडो किलोमीटर दूर, कुणाचंही विमान न अडवता कळलं. या खटाटोपामुळे साइटवरचे सुमारे तीन महिने वाचल्याचं प्रकल्पाच्या लोकांनी नोंदवलं आहे.

आता हेच काम नेहमीच्या करारात कुणी केलं असतं? फॅब्रिकेटर म्हणाला असता, माझ्या दरात हे धरलेलं नाही. डिझायनर म्हणाला असता, माझं डिझाइन बरोबर आहे, जुळवायचं तुम्ही बघा. मालक म्हणाला असता, मी तयार छताचे पैसे देतोय, तालमीचे नाही. बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये, म्हणजे करारातल्या कामांच्या आणि दरांच्या यादीत, 'आधी चुकून पाहणे' असा आयटम नसतो. जोखीम मालकाची असली की तो हा आयटम आनंदाने घालतो, कारण साइटवर वाया जाणारा प्रत्येक दिवस त्याच्याच खात्यावर चढतो.

माल पोहोचवण्याबद्दल थोडक्यात. एवढ्या मोठ्या साइटला मुख्य प्रवेश एकच होता. माल आला की उतरवून ठेवायचा ही चैन शक्य नव्हती. म्हणून जवळच कोलनब्रुकला एक केंद्र उभारलं. सळई तिथेच कापून, वाकवून, पिंजरे बांधून तयार ठेवायची आणि साइटने मागितली की पाठवायची. मागणी करणारा होता प्रत्यक्ष काम करून घेणारा माणूस. त्याने 'परवा मला हे लागणार नाही, खालचं काम अडलंय' हे खरं सांगितलं तरच ही साखळी चालते.

कराराची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण टर्मिनल ५ चं नाव घेऊन 'विश्वास ठेवा, सगळं होईल' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. हा करार विश्वासावर कमी आणि मालकाच्या तयारीवर जास्त उभा होता. खर्च जसा होईल तसा द्यायचा तर हिशेब वाचणारी, काम जाणणारी माणसं मालकाकडे हवीत. बीएएकडे ती होती, आणि टीमांचं नेतृत्वही तिने बऱ्याच अंशी स्वतःकडे ठेवलं होतं. ज्या मालकाला स्लॅब आणि बीम यांतला फरक सांगावा लागतो त्याने असा करार केला तर त्याचं दिवाळं निघेल. शिवाय हा करार पहिल्या फळीतल्या पुरवठादारांशी होता. त्यांच्याखालच्या उपकंत्राटदारांपर्यंत आणि रोजंदारीवर शटरिंग लावणाऱ्यांपर्यंत तीच मोकळीक आपोआप झिरपत नाही. वर मालकाने जोखीम घेतली आणि खाली मुकादमाने ती मजुरावर ढकलली, हे एकाच साइटवर सुखाने नांदू शकतं.

२७ मार्च २००८ रोजी टर्मिनल प्रवाशांसाठी उघडलं. तेरा दिवस आधी राणीच्या हस्ते उद्घाटन झालं होतं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खर्चात, असं कौतुक सगळीकडे छापून आलं होतं. पण त्या पहाटे कामावर आलेल्या, हे टर्मिनल वापरणाऱ्या ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना गाड्या लावायला जागा सापडेना. सुरक्षा तपासणीच्या रांगेत ते अडकले. आत पोहोचलेल्यांपैकी काहींना संगणकात लॉगिन करता येईना, काहींना कुठे जायचं हेच कळेना. बॅगा वाहणारे पट्टे तुंबले. चाचण्यांच्या काळात खोटे संदेश खऱ्या यंत्रणेत जाऊ नयेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक गाळणी लावली होती. ती काढायची राहून गेली आणि खरे संदेशही अडकले. दुपारनंतर प्रवाशांच्या बॅगा स्वीकारणंच थांबवावं लागलं. पहिल्या दिवशी ३४ उड्डाणं रद्द झाली, पुढच्या काही दिवसांत हा आकडा काहीशेवर गेला, हजारो बॅगांची प्रवाशांपासून ताटातूट झाली. पहिल्या काही दिवसांचं विमान कंपनीचं नुकसान १ कोटी ६० लाख पौंड.

ज्या प्रकल्पात मोकळेपणाने बोलण्यासाठी इतका विचार केला गेला तिथे हे झालंच कसं?

ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने याच्यावर प्रश्न विचारले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये अहवाल दिला. विमानतळ आणि विमान कंपनी यांच्यातला संवाद कमी पडला, कर्मचाऱ्यांची तयारी पुरेशी झाली नाही, असा त्याचा रोख होता. विमान कंपनीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी विली वॉल्श यांनी समितीपुढे मान्य केलं की इमारत २००७ च्या सप्टेंबरात पूर्ण व्हायची होती ती झाली नाही, त्यामुळे चाचण्यांचा वेळ कापला गेला, आणि तरीही उघडण्याची तारीख पुढे ढकलायची नाही असं ठरलं.

आता 'ठरलेल्या दिवशी' या शब्दांकडे पुन्हा बघा. बांधकाम घसरलं होतं. पण उघडण्याची तारीख तीच राहिली, म्हणून वरून सगळं वेळेवर दिसलं. मधले जे आठवडे गेले ते इमारत वापरणाऱ्यांच्या तालमीचे. यॉर्कशायरमध्ये छताची तालीम करणाऱ्या प्रकल्पाने माणसांची तालीम छाटली.

याचं माझं वाचन असं. टी५ करारात बोलण्याची सोय होती ती बांधणारे आणि बीएए यांच्यामध्ये. बांधकाम अडलं तर किंमत बीएए मोजणार, म्हणून बीएए कान देऊन ऐकत होती. ब्रिटिश एअरवेजची माणसं प्रकल्पात सामील नव्हती असं नाही, वर्षानुवर्षं होती. पण सामाईक निधीच्या त्या रिंगणात विमान कंपनी नव्हती आणि पट्ट्यापाशी बॅगा उचलणारा तर नव्हताच. 'आम्हाला अजून सराव नाही' ही त्याची वाईट बातमी. ती सांगून त्याला काही मिळणार नव्हतं. ज्यांनी ऐकायची त्यांच्यासाठी तारीख हलवणं म्हणजे जाहीर नामुष्की. १९९४ च्या आकड्यांसारखंच झालं: बातमी होती, ती निर्णयापर्यंत गेली नाही. मालकीही मधल्या काळात बदलली होती, २००६ मध्ये स्पेनच्या फेरोव्हियालने बीएए घेतली होती. त्याचा यात किती वाटा हे मी ठरवायला जाणार नाही.

एवढा मोठा मालक नसलेल्यांनी यातून काय उचलावं? संपूर्ण करार उचलू नये, पेलणार नाही. त्याचे तुकडे मात्र पेलतात. ड्रॉइंगमधली चूक काम सुरू व्हायच्या आधी दाखवणाऱ्या कंत्राटदाराला त्या बचतीतला ठरलेला हिस्सा द्यायचा, हे कलम कुठल्याही करारात दोन ओळींत बसतं. अवघड जोडाचा एक नमुना आधी करून पाहण्याचे पैसे मालकाने वेगळा आयटम म्हणून धरायचे. कोणती जोखीम कुणाची हे ठरवताना ती कोण सोसू शकतो हे बघायचं; जो सोसू शकत नाही त्याच्या माथी मारलेली जोखीम लपवाछपवी होऊन परत येते. वेळापत्रकात काम पूर्ण होण्याची तारीख आणि वापर सुरू होण्याची तारीख या दोन वेगळ्या ओळी ठेवायच्या. मधले आठवडे कुणाचे हे नावासकट लिहायचं, आणि पहिली तारीख घसरली की दुसरी हलवायची की नाही हे ठरवताना इमारत चालवणाऱ्याला मत द्यायचा हक्क ठेवायचा. नुसतं बोलावणं पाठवून भागत नाही, त्याचा नकार मोजला जायला हवा.

ब्रिटिश एअरवेजची हीथ्रोवर उरलेली लांब पल्ल्याची उड्डाणं एप्रिलअखेरीस टर्मिनल ५ मध्ये हलायची होती. त्या वेळी तारीख पुढे ढकलली गेली. जून २००८ पासून ती उड्डाणं टप्प्याटप्प्याने हलवली, आणि वर्तमानपत्रांना त्यात छापण्यासारखं फारसं काही सापडलं नाही.